मनावरचा आघात आणि पुरुषाचं लैंगिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढचे प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत, पण पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. बरेचसे 'माझ्या एका मित्राला असा त्रास आहे' अशी सुरुवात करून येतात. काही बायकोने नवऱ्याच्या वतीने, त्याला न सांगता पाठवलेले असतात. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एखादं उत्तर दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. हे वाचून तपासणी टळणार नाही, पण तपासणीला जायचं का आणि कुणाकडे, एवढं तरी ठरवता यावं.

१. 'मानसिक आघात' नेमका कशाला म्हणायचा? माझ्या आयुष्यात तसं मोठं काही घडलेलं नाही.

जीव जाण्याची, गंभीर इजेची किंवा लैंगिक अत्याचाराची वेळ स्वतःवर येणं किंवा ती दुसऱ्यावर आलेली डोळ्यांनी पाहणं, ही त्याची साधी व्याख्या. युद्ध, अपघात, मारहाण, लहानपणचं शोषण ही उदाहरणं सगळ्यांना माहीत असतात. आयसीयूत काढलेले दिवस, लघवीच्या मार्गात घातलेली नळी, बाळंतपणात बायको मरता मरता वाचली तेव्हा शेजारी उभं असणं, हेही यातच येतं. पुरुष मात्र हे प्रसंग 'त्यात काय एवढं' म्हणून यादीतून वगळतात. प्रसंग किती मोठा होता यापेक्षा तो मागे काय ठेवून गेला, हे बघायला हवं.

आघातानंतरचे काही आठवडे झोप उडणं, दचकणं, कशातच रस न वाटणं स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचं ते आपोआप ओसरतं. एक महिना उलटूनही लक्षणं टिकली आणि रोजच्या जगण्यात आडवी येऊ लागली, तर पीटीएसडीचा, म्हणजे आघातोत्तर ताण विकाराचा विचार होतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात हे निदान १९८० साली आलं. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांची अवस्था हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात, वर्षानुवर्षं सोसलेल्या आघातानंतर अनेकदा दिसणारा 'गुंतागुंतीचा' पीटीएसडी वेगळा नोंदवला आहे. लैंगिक त्रास व्हायला यातलं एखादं निदान कागदावर असायलाच हवं असं मात्र नाही.

२. ताठरता म्हणजे रक्तपुरवठ्याचा मामला. त्यात मनाचा काय संबंध?

रक्त कधी सोडायचं हे नसा ठरवतात, आणि नसांना आदेश मेंदूकडून येतो. मणक्याच्या तळाकडून निघणाऱ्या, शरीराला विसावा देणाऱ्या नसा लिंगात नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने तिथले स्नायू सैलावतात, पोकळ्यांत रक्त भरतं, आणि रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या गेल्याने ते तिथेच राहतं. म्हणजे लिंग ताठ होतं ते स्नायू *सैल* पडल्यामुळे. जोर लावून ते होत नाही.

याच्या उलट काम करणारी दुसरी यंत्रणा संकटासाठी असते. धोका दिसला की नॉरअॅड्रेनलिन हे ताणाचं रसायन वाढतं, हे स्नायू आवळले जातात आणि रक्त हातापायांकडे वळतं. पळायच्या वेळी ताठरता कामाची नाही, हे शरीराला पक्कं ठाऊक आहे.

आघातानंतर काहींच्या बाबतीत हा पहारा उठतच नाही. धोका संपून वर्षं लोटली तरी मेंदू जागाच असतो. त्यात आणखी एक पेच आहे. छाती धडधडणं, श्वास वाढणं, अंग तापणं, घाम येणं या खुणा भीतीच्याही असतात आणि कामोत्तेजनेच्याही. ज्याच्या मेंदूने या खुणांची सांगड संकटाशी घातली आहे, त्याला सुखाची सुरुवातच धोक्याची घंटा वाटते आणि तो नकळत सगळं बंद करतो. रेचल येहुदा या आघातावर काम करणाऱ्या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये हाच मुद्दा मांडला होता. पुढची अनेक उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत.

३. त्रास फक्त ताठरतेचाच होतो का?

नाही. कुणाची इच्छाच आटते. कुणाला शीघ्रपतन होतं: संकटाची यंत्रणाच वीर्यपतनही घडवते, त्यामुळे ती सतत तापलेली असली की बांध लवकर फुटतो. कुणाचं याच्या उलट वीर्यपतन होतच नाही. कुणाचं सगळं यथास्थित होतं, पण आतून काही जाणवत नाही. 'दुसऱ्याचं शरीर वापरतोय असं वाटतं,' असं एकाने लिहिलं होतं. ही बधिरता सर्वांत कमी सांगितली जाते, कारण बाहेरून काहीच बिघडलेलं दिसत नाही. दुखण्याबद्दल प्रश्न १३ आणि इच्छा अनावर होण्याबद्दल प्रश्न १० पाहा.

४. माझा त्रास मनाचा आहे की शरीराचा, हे घरच्या घरी ओळखता येईल का?

अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. त्रास एखाद्या घटनेनंतर अचानक सुरू झाला, हस्तमैथुनाच्या वेळी किंवा पहाटे ताठरता नीट येते, ठरावीक परिस्थितीतच अडतं, असं असेल तर यंत्रणा शाबूत असण्याची शक्यता जास्त. निरोगी पुरुषाला झोपेत, मुख्यतः स्वप्नांच्या टप्प्यात, रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. त्याला ते कळतही नाही.

पण आघात झालेल्या माणसाच्या बाबतीत ही पहाटेची खूण फसवी ठरते. दुःस्वप्नांनी, घोरण्याच्या विकाराने किंवा नैराश्याने झोपेचीच चाळण झालेली असेल तर त्या ताठरताही घटतात. मग 'पहाटेही येत नाही, म्हणजे शरीरच गेलं' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

'माझं मनाचंच आहे' असं ठरवून तपासणी टाळणंही तितकंच चूक, किंबहुना मला जास्त घातक वाटतं. लिंगाच्या धमन्या १ ते २ मिलिमीटर रुंद असतात आणि हृदयाच्या ३ ते ४. त्यामुळे धमन्या आतून अरुंद होऊ लागल्या की बारीक नळी आधी कुरकुरते. हृदयविकाराच्या काही वर्षं आधी ताठरतेची तक्रार सुरू झालेली अनेकांत दिसते. त्यात आघात सोसलेल्यांत सिगारेट, दारू, निद्रानाश आणि रक्तदाब यांचं प्रमाण जास्त, म्हणजे मन आणि शरीर दोन्ही कारणं एकाच घरात नांदू शकतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि गरजेनुसार हार्मोन एवढं तपासून घ्या. वय तिशीचं असलं तरी.

५. एकटा असताना सगळं ठीक, जोडीदाराबरोबर काहीच होत नाही. माझं तिच्यावर प्रेम नाही का?

प्रेमाची परीक्षा इथे नसते. एकटे असताना वेग, स्पर्श, थांबणं सगळं तुमच्या हातात असतं. कुणी बघत नाही, कुणी अपेक्षा धरून नसतं. दुसरं माणूस आलं की ताबा अर्धा जातो, आणि ज्याचा ताबा पूर्वी कुणीतरी हिसकावून घेतला होता त्याला तेवढंही पुरतं. त्यात 'आज तरी जमेल ना?' ही धास्ती भर घालते. एकदा फसलं की पुढच्या वेळी माणूस स्वतःच स्वतःचा परीक्षक होऊन बाजूला उभा राहतो.

विचित्र वाटेल, पण अनेकांना परक्या किंवा नव्या व्यक्तीबरोबर त्रास होत नाही आणि जिच्यावर जीव आहे तिच्यापाशीच अडतं. ज्याला जवळच्या माणसाने दुखावलं, त्याच्यासाठी जवळीक हाच धोका असतो.

६. माझ्यावर अत्याचार झाला तेव्हा माझं लिंग ताठ झालं होतं, वीर्यपतनही झालं. म्हणजे मला ते हवं होतं का?

नाही.

या प्रश्नावर थांबून बोलायला हवं, कारण कित्येक पुरुष तो वीस-तीस वर्षं मनात घेऊन फिरतात आणि याच एका कारणाने तोंड उघडत नाहीत. ताठरता दोन वाटांनी येते: एक मेंदूकडून, दुसरी थेट स्पर्शातून. दुसऱ्या वाटेत स्पर्शाचा संदेश मणक्याच्या तळापर्यंत जाऊन तिथूनच परततो, मेंदूची परवानगी लागत नाही. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा होऊन कमरेखालची संवेदना पूर्ण गेलेल्या पुरुषांनाही स्पर्शाने ताठरता येते, ती याच वाटेने. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो. पाय उडाला म्हणून मार हवा होता, असं कुणी म्हणत नाही.

शिवाय तीव्र भीतीनेही शरीर असा प्रतिसाद देऊ शकतं. आणि थिजून जाणं, हातपाय न हलणं, आवाज न फुटणं ही संकटातली मेंदूची जुनी प्रतिक्रिया आहे. 'मी ओरडलो का नाही' याचं उत्तर तिथे आहे.

अत्याचार करणाऱ्यांना शरीराचा हा प्रतिसाद ठाऊक असतो. 'बघ, तुलाही आवडतंय' हे वाक्य ते मुद्दाम वापरतात, कारण त्याने पोर कायमचं गप्प होतं. पुढे मोठेपणी प्रत्येक वेळी ताठरता आली की हीच शरम तिच्याबरोबर येते, आणि 'माझ्याच शरीराने दगा दिला' असं मानणारा माणूस त्या शरीरावर विश्वास ठेवायला कचरतो. उपचारात बहुधा इथूनच सुरुवात होते. नुसती ही माहिती कळल्यावर रडू आलेले पुरुष काही थोडेथोडके नाहीत.

७. करणारी व्यक्ती बाई होती. मित्र म्हणतात, 'नशीबवान आहेस.' याला अत्याचार म्हणायचं का?

हो. वयाचं, अधिकाराचं किंवा बळाचं अंतर वापरून, संमती नसताना किंवा संमती देण्याचं वय नसताना केलेली कृती अत्याचारच, करणारं कुणीही असो. हे विरळाही नाही. १९९५ ते १९९७ दरम्यान अमेरिकेत १७ हजारांहून अधिक प्रौढांकडून बालपणीच्या वाईट अनुभवांची माहिती घेतली होती. त्यात १६ टक्के पुरुषांनी लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यांतल्या जवळपास ४० टक्क्यांच्या बाबतीत करणारी व्यक्ती स्त्री होती. मित्रांच्या शाबासकीने एकच होतं: जे खुपतंय त्याला नाव देण्याची सोय उरत नाही.

८. त्या घटनेमुळे माझा लैंगिक कल बदलला का? आणि मीही पुढे कुणाला असाच त्रास देईन का?

कुणाबद्दल ओढ वाटावी हे अत्याचाराने ठरतं, याला आधार नाही. गोंधळ मात्र होतो, विशेषतः प्रश्न ६मधल्या कारणाने. समलिंगी पुरुषांना 'त्या प्रसंगामुळेच तू असा' हे ऐकवलं जातं आणि भिन्नलिंगी पुरुष 'मी आतून तसाच असेन' या भीतीत राहतात. दोघांच्याही बाबतीत गृहीतकच खोटं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: अत्याचार सोसलेली बहुतांश मुलं मोठेपणी कुणावरही अत्याचार करत नाहीत. या एका समजुतीमुळे स्वतःच्या बाळाला आंघोळ घालायला घाबरणारे बाप आहेत. तुमच्या मनात खरोखर तशी इच्छा डोकावत असेल, तर काही घडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाशी बोला; पण नुसती 'मी तसा झालो तर?' ही भीती म्हणजे इच्छा नव्हे.

९. जवळीक चालू असताना एकदम तो प्रसंग डोळ्यांसमोर येतो. त्या क्षणी काय करू?

थांबा. रेटून पुढे नेलं तर मेंदू संभोगाची आणि संकटाची गाठ आणखी घट्ट बांधतो. जोडीदाराशी आधीच एक शब्द ठरवून ठेवा, जो उच्चारला की दोघांनीही कारण न विचारता थांबायचं. मग डोळे उघडे ठेवा, दिवा लावा, पाय जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आज कोणता वार आहे ते म्हणा. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. बालिश वाटेल, पण 'तेव्हा' आणि 'आता' यांतला फरक मेंदूला इंद्रियांकडूनच पटतो.

नंतर शांतपणे आठवा, ठिणगी कशाने पडली? अंधार, दारूचा वास, पाठीमागून आलेला हात, अंगावर आलेलं वजन, एखादा शब्द? बऱ्याचदा एकच बारीक गोष्ट निघते आणि ती बदलता येते. असे झटके वारंवार येत असतील तर प्रश्न १४ वाचा.

१०. माझं उलट आहे. इच्छा थांबतच नाही. पॉर्न, अनोळखी संबंध, नंतर किळस. याचाही आघाताशी संबंध असतो का?

असू शकतो. काहींसाठी लैंगिक कृती हे दुखणं काही वेळ बधिर करण्याचं साधन होतं, काहींसाठी 'या वेळी ताबा माझ्याकडे' हे स्वतःला दाखवण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात 'अनिवार लैंगिक वर्तन विकार' आवेगांवर ताबा न राहण्याच्या गटात ठेवला आहे. जास्त इच्छा म्हणजे विकार नव्हे, आणि नुसत्या नैतिक अपराधीपणावरूनही हे निदान करत नाहीत. वारंवार प्रयत्न करूनही थांबता न येणं, नोकरी-नात्यांचं नुकसान होत असूनही चालूच राहणं, सुख उरलेलं नसतानाही करत राहणं, असं सहा महिने किंवा अधिक काळ चाललेलं असेल तर तो विचार होतो. नुसत्या निर्धाराने आणि मोबाइलवरच्या बंदीने हे सुटत नाही, कारण खाली जे दुखतंय ते तसंच राहतं.

११. सरळ ताठरतेची गोळी घेतली तर?

अनेकांना उपयोग होतो आणि त्यात कमीपणा काही नाही. सिल्डेनाफिल १९९८पासून वापरात आहे, टाडालाफिल त्यानंतर आलं. पण या गोळ्या इच्छा निर्माण करत नाहीत. उत्तेजना मिळून नायट्रिक ऑक्साइड सुटलं तर त्याचा परिणाम टिकवतात, एवढंच. मेंदूने दरवाजाच बंद केला असेल तर गोळी बाहेर उभी राहते. 'गोळीनेही झालं नाही' म्हणून हादरून गेलेल्यांनी हे ध्यानात घ्यावं. कधी चार-सहा वेळा गोळीने जमलं की धास्ती ओसरते आणि पुढे गोळी लागत नाही. कधी तीच कुबडी होते.

दोन धोके मात्र नीट समजून घ्या. छातीत दुखण्यावरची नायट्रेटची औषधं चालू असतील तर या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, रक्तदाब जिवावर बेतण्याइतका कोसळतो. आणि आघाताच्या दुःस्वप्नांवर अनेकदा प्राझोसिन देतात; तेही रक्तदाब उतरवतं, त्यामुळे दोन्ही एकत्र घेताना डॉक्टरला माहीत असायलाच हवं. मानसोपचारतज्ज्ञाला एक गोळी सांगायची आणि लैंगिक तज्ज्ञाला दुसरी, असं लपवाछपवीचं गणित इथे महागात पडतं. ताठरता चार तासांहून जास्त टिकली तर तातडीने रुग्णालय गाठा, मग ती या गोळीने असो किंवा झोपेसाठी दिलेल्या ट्रॅझोडोनने.

१२. नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यापासून वीर्यपतनच होत नाही. बंद करू का?

स्वतःहून, एकदम बंद करू नका. चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके असा त्रास होऊ शकतो आणि मूळ आजारही उसळतो. पीटीएसडीसाठीही सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्याचीच औषधं सर्रास दिली जातात, आणि दोन्हींनी इच्छा मंदावणं, वीर्यपतन लांबणं हे परिणाम दिसतात, पॅरॉक्सेटिनने विशेषच. (गंमत म्हणजे याच गुणामुळे याच गटातली औषधं शीघ्रपतनावर देतात.) मात्रा कमी करणं, बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनसारख्या औषधाकडे वळणं, सोबत प्रश्न ११मधली गोळी देणं, असे मार्ग आहेत. डॉक्टर आपणहून विचारत नाहीत, तुम्हीच सांगायला हवं. थोड्या लोकांत औषध थांबवल्यावरही हा परिणाम टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि २०१९मध्ये युरोपच्या औषध नियामकाने माहितीपत्रकात तसा इशारा घालायला सांगितला. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी 'आधी कसं होतं' याची डॉक्टरकडे नोंद असलेली बरी.

१३. अंडकोषात, लिंगाच्या मुळाशी दुखतं, वीर्यपतनानंतर जास्तच. सगळे रिपोर्ट नॉर्मल. हेही मनाचंच का?

दुखणं खरं आहे. सतत सावध असलेलं शरीर जबडा, खांदे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरतं. महिनोन्महिने आवळलेल्या स्नायूंनी बसताना, लघवी करताना, वीर्यपतनानंतर कळा येतात. संसर्ग नसताना प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स घेत राहण्यापेक्षा या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जाणं श्रेयस्कर. कीगल व्यायाम 'पुरुषांसाठी उत्तम' म्हणून सगळीकडे सुचवला जातो, पण आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळण्याचा तो व्यायाम आहे. इथे सैल सोडायला शिकावं लागतं. शारीरिक तपासणीत नेमक्या त्याच जागी हात लागणार असतो, म्हणून आघात झाल्याचं एका वाक्यात आधीच सांगा आणि 'सांगेन तेव्हा थांबायचं' असं ठरवून घ्या. अंडकोषात गाठ लागली किंवा अचानक असह्य कळ आली, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

१४. उपचार कुणाकडे घ्यायचे, आणि त्यांत करतात काय?

शरीराची तपासणी (प्रश्न ४) एकीकडे, आघाताचे उपचार दुसरीकडे, आणि दोघांना एकमेकांची माहिती. आघातासाठी सर्वाधिक पुरावा असलेल्या पद्धती म्हणजे आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणारी दीर्घ एक्स्पोजर थेरपी, 'चूक माझीच होती' अशा अडकलेल्या विचारांवर काम करणारी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, आणि मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७मध्ये मांडायला सुरुवात केलेली, डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर. साधारण ८ ते १६ बैठकींत यांची एक फेरी होते. बालपणभर सोसलेल्या आघाताला जास्त वेळ लागतो. सुरुवातीला त्रास, दुःस्वप्नं, इच्छेचा अभाव वाढल्यासारखा वाटू शकतो आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. वाढ काही आठवडे ओसरली नाही तर थेरपिस्टला सांगून वेग कमी करून घ्या. जीव द्यावासा वाटू लागला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि रुग्णालय गाठा.

निवडताना एकच कसोटी लावा. तुम्ही 'ताठरता' किंवा 'वीर्यपतन' हा शब्द उच्चारल्यावर समोरची व्यक्ती अवघडली, विषय बदलला, तर दुसरी व्यक्ती शोधा.

१५. आघाताचे उपचार पूर्ण झाले. झोप लागते, फ्लॅशबॅक थांबले. पण अंथरुणात सगळं पूर्वीसारखंच. असं का?

कारण पीटीएसडीच्या उपचारांत लैंगिक आयुष्याला सहसा कुणी हात लावत नाही, आणि आघाताची लक्षणं उतरली की लैंगिक तक्रार आपोआप जाईलच असं नाही. टाळाटाळीची सवय मागे उरलेली असते. रस्ता, गर्दी, आवाज यांना शरीर पुन्हा सरावलं. स्पर्शाचा सराव राहून गेला.

त्यासाठी विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या लैंगिकतेच्या अमेरिकी संशोधकांनी मांडलेली स्पर्शाची पायरीपायरीची पद्धत आजही वापरतात. सुरुवातीचे काही आठवडे संभोग आणि जननेंद्रियांना स्पर्श दोन्ही *बंद*. फक्त आळीपाळीने हात, पाठ, केस, चेहरा यांना स्पर्श करायचा आणि तो ऊबदार आहे, खरखरीत आहे, जड आहे एवढंच टिपायचं. परीक्षाच रद्द झाल्याने परीक्षक घरी जातो. आघात सोसलेल्यांसाठी यात बदल करावे लागतात: दिवा चालू, डोळे उघडे, कुणी कुणाच्या अंगावर नाही, आणि पुढची पायरी कधी चढायची ते त्यानेच ठरवायचं. एखादी पायरी दोन महिने चालली तरी चालू द्या. या काळात ताठरता आली तरी 'आली आहे तर उरकून घेऊ' असं करायचं नाही. ती जाऊ द्यायची. गेलेली परत येते हे शरीराला तेव्हाच कळतं.

१६. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं तर?

तपासणीशिवाय नको. सकाळच्या वेळी, दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या चाचणीत पातळी कमी आणि लक्षणंही जुळणारी, तरच. झोप सुधारणं आणि वजन उतरणं यानेही पातळी वाढते. मूल हवं असणाऱ्यांनी विशेष जपावं: बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू तयार होणं मंदावतं, कधी थांबतं.

१७. मी त्याची बायको आहे. तो जवळ येत नाही, काही सांगत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

तो टाळतोय ते बहुधा स्वतःच्या शरीरात उठणारं वादळ, तुम्हाला नव्हे. पण नाकारलं गेल्याचं दुःख तुम्हाला होतच असतं, आणि समजूतदारपणाच्या नावाखाली ते गिळत राहायची गरज नाही. दिवसा, कपडे घातलेले असताना, अंथरुणाबाहेर बोला. चालता चालता किंवा गाडीत शेजारी बसून बोलणं सोपं जातं, नजर भिडवावी लागत नाही. 'तुला काय झालंय?'पेक्षा 'मला तुझी जवळीक हवीशी वाटते, संभोग नको, नुसतं शेजारी बसू या' हे ऐकायला हलकं असतं. झोपेत असताना मागून हात टाकू नका, आधी आवाज द्या. तो दचकून फटका मारेल आणि मग दोघंही वेगवेगळ्या खोल्यांत झोपू लागतील.

त्याचा आघात तुमच्या संमतीची जागा घेत नाही. तो चिडतो, बळजबरी करतो, पिऊन हात उगारतो, तर त्याच्या भूतकाळाने ते माफ होत नाही. आधी स्वतःची सुरक्षितता बघा.

१८. तिला सगळं सांगायलाच हवं का?

तपशील सांगायची सक्ती नाही. 'लहानपणी माझ्यासोबत काही वाईट घडलं. त्यामुळे मला मानेला हात लावलेला सहन होत नाही. बाकीचं मी आत्ता बोलू शकत नाही.' एवढी तीन वाक्यंही पुरतात. परिणाम सांगा, प्रसंग मागाहून, वाटलं तर. भांडणात किंवा जवळीक फसल्यावर लगेच मात्र हा विषय काढू नका.

१९. मला काहीच आठवत नाही, पण लक्षणं सगळी जुळतात. दडपलेली आठवण बाहेर काढून घेऊ का?

मी तरी सांगेन, उकरू नका. संमोहनाने किंवा सारख्या सुचवण्याने 'परत आणलेल्या' आठवणी अगदी खऱ्या वाटतात, पण न घडलेलं घडल्यासारखं आठवणं शक्य आहे हे स्मरणशक्तीच्या संशोधनात दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचं काम त्यात महत्त्वाचं. त्यातून घरं मोडली आहेत. आणि वरची लक्षणं चिंता, मधुमेह, औषधं, नात्यातला ताण यांनीही येतात. चांगला थेरपिस्ट आज जे दिसतंय त्यावर काम करतो. त्यासाठी भूतकाळाचा पुरावा लागत नाही.

२०. पंधरा वर्षांच्या संसारात काही अडचण नव्हती. मुलगा आठ वर्षांचा झाला आणि गेल्या काही महिन्यांपासून मला बायकोजवळ जाता येत नाही. आत्ता का?

तुमच्या बाबतीत ते घडलं तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता?

हा प्रश्न उलट विचारला की बहुतेक जण गप्प होतात. स्वतःचं मूल त्या वयाला पोचणं, आई-वडिलांपैकी कुणाचा मृत्यू, अत्याचार करणारा वारल्याची बातमी, निवृत्ती, एखादी शस्त्रक्रिया, अशा वळणांवर वर्षानुवर्षं झाकलेलं वर येतं. मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. इतकी वर्षं 'मी तेव्हा मोठा होतो, अडवू शकलो असतो' असं माणूस स्वतःला सांगत आलेला असतो. मग समोर आठ वर्षांचं पोर वावरताना दिसतं, त्याचे हात, त्याची उंची, आणि तेव्हा आपण केवढेसे होतो ते पहिल्यांदाच डोळ्यांना दिसतं.

प्रश्न ४मधल्या तपासण्या तरीही करा, वयही त्याच टप्प्यावर आहे. पण मधली पंधरा वर्षं खोटी नव्हती आणि जे जमत होतं ते विसरलेलं नाही. अशा वेळी उपचारांना बऱ्याचदा चांगला प्रतिसाद मिळतो, कारण शरीराला सुरक्षित जवळीक कशी असते ते ठाऊक असतं. थेरपिस्टकडे पहिल्या भेटीत मुलाचं वय आवर्जून सांगा.